डब्यातला पंप

आमच्याकडे कुणालाही काहीही होवो, उत्तर एकच. शिंका आल्या, हवा बदललीय. डोळे लाल झाले, हवा बदललीय. पोरगी पहाटे पलंगावर उठून बसलीय, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढतेय, छातीतून शिट्टी वाजतेय, आणि सकाळी दाराबाहेरची दुधाची पिशवी उचलता उचलता शेजारीण म्हणते, "हवा बदललीय ना, सगळीकडेच चालू आहे." अहो, काय चालू आहे? काय बदललंय? विचारलं की मान हलवायची, पिशवी घ्यायची, दार लावायचं. माझं डोकं सणकतं त्या वाक्याने. आणि मी स्वतः ते पंचवीस वर्षं बोलत आलेय.

मी नाहूरला राहते. मुलुंडवाले आम्हाला भांडुपचे समजतात आणि भांडुपवाले मुलुंडचे, तो विषय सोडा. माहेर कोकणातलं, वडील गिरणीत. आई गिरणीत पाऊल न टाकताही आयुष्यभर खोकली. भाद्रपद संपत आला की तिला धाप लागायची. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायची आणि वरून कुणी येताना दिसलं की पदर सारखा केल्यासारखं करायची. मी सात-आठ वर्षांची असेन, तेव्हा मला जवळ ओढून म्हणाली होती, "माका धाप लागता म्हणान कोणाक सांगू नको हां गो." मी नाही सांगितलं. तिला कुठल्या डॉक्टरनेही कधी नीट तपासलं नाही, कारण डॉक्टरलाही आम्ही खोकला एवढंच सांगितलं.

तर ती धाप आईकडून माझ्याकडे न थांबता सरळ माझ्या मुलीकडे गेली. मुलगी आता पंचवीसची आहे. अंधेरीला नोकरी करते, रोज लोकलने घाटकोपरला उतरून मेट्रो धरते. कॉलेजात असताना तिला पहिल्यांदा पंप मिळाला. पंप म्हणजे तोंडात धरून दाबायचा तो निळा. पोरगी बिनधास्त. चारचौघांत पंप काढून ओढायची आणि वर म्हणायची, "काय बघताय? भांडुपचं पंपिंग स्टेशन मीच आहे." सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. मी तिला दटावायचे, "बाथरूममध्ये जाऊन घे गं." कशाला दटावायचे? मलाच माहीत. म्हणजे तेव्हा माहीत होतं असं वाटायचं.

गेल्या वर्षी घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, त्रास कधी होतो? मी ठोकून दिलं, "हवा बदलली की." बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमची हवा म्हणजे कुठली? ऊन-पाऊस, की आपण नाकाने ओढतो ती?" खरंच की. आपण दोघांनाही हवाच म्हणतो, आणि म्हणून कुणालाच काही कळत नाही. आभाळाकडे बघून सुस्कारा सोडतो आणि नाकात काय चाललंय ते बघतच नाही.

त्यांनी मुलीच्या हातावर थेंब टाकून, सुईने टोचून चाचणी केली. वीस मिनिटांनी एक गांधी टरारून फुगली. मला वाटलं सप्तपर्णीची असणार. आमच्या गेटजवळचं ते झाड फुललं की संध्याकाळी वासाने माझं डोकं उठतं, आणि त्यापायी मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी दोनदा भांडले होते. बाई म्हणाल्या, "नाही हो, ही गवताची."

गवताची! गवताला फुलं येतात हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. बाईंनी समजावलं. पाऊस लांबला की गवताला वाढायला जास्त दिवस मिळतात, ते तुरे धरतं. मध्येच चार दिवस सणसणीत ऊन पडलं की तुऱ्यांतले परागकण सुकून उडतात. त्यात एखादी वादळी सर आली तर ते ओले होऊन फुटतात, आणि नाकात अडकायचे ते बारीक होऊन छातीपर्यंत पोचतात. "पूर्वी याचं काहीतरी वेळापत्रक होतं," त्या म्हणाल्या. "आता पाऊस कधी जातो आणि ऊन कधी येतं, तेच सांगता येत नाही. म्हणून निळा पंप कायम जवळ ठेवायचा, हाताला लागेल असा. आणि दुसरा हा रोजचा, तो बरं वाटलं तरी बंद करायचा नाही."

मी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लागले. गॅस कधी लावला, कामवाली कधी आली नाही, हे जिथे लिहितो तिथेच धापेच्या दिवशी 'ध'. वर्षभराने बघितलं तर डॉक्टरीणबाई बोलल्या ते तंतोतंत. पाऊस पडत असताना ध नाही. थंडीत क्वचित. पाऊस गेला, दोन-तीन दिवस रणरणलं, की ओळीने ध, ध, ध. पाऊस परत आला, थांबला, पुन्हा ध. एवढं डोळ्यांसमोर असून मी काय केलं माहीत आहे? यंदा पावसाळ्यात महिनाभर एकही ध पडला नाही, तेव्हा मीच पोरीला म्हटलं, "बरं वाटतंय ना? मग तो रोजचा पंप कर बंद. सवय लागते त्याची." ती नको म्हणत होती. मी मागे लागून बंद करवला.

हे सवयीचं भूत माझ्या डोक्यात आमच्या काकूंनी घातलं होतं. काकू म्हणजे सोसायटीच्या महिला मंडळाच्या सर्वेसर्वा. सत्तरीच्या, ताठ, कमरेला कायम बटवा. त्यांनी एकदा मंडळाच्या सभेत सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "एकदा पंप धरला की सुटत नाही. आमच्या घरात कुणाला पंप नाही. आलं, मध, गरम पाणी, संपला विषय." बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली, तर म्हणाल्या, "हवा बदललीय ना!" आणि याच काकूंनी माझ्या मुलीसाठी त्यांचा भाचा सुचवला होता. मुलगा चांगला, मुलुंडलाच घर, पोरीलाही फोटो बरा वाटला होता. काकू नुसतं म्हणाल्या होत्या, "भोंडल्याला आण तिला. माझी बहीण येणारेय, सहज बघेल." झालं. पंप दिसला तर?

भोंडला नवरात्रात व्हायचा होता. यंदा नवरात्रभर पाऊस ठाण मांडून बसला. दोनदा तारीख ठरली, दोनदा मोडली. काकूंची बहीण दोन्ही वेळा निघता निघता थांबली. शेवटी दसऱ्यानंतर, कोजागिरीच्या आधीच्या रविवारी करायचं ठरलं. तोवर पाऊस गेला होता आणि तीन दिवस असं ऊन तापलं होतं की विचारू नका. लांबलेल्या पावसाने बागेतलं गवत गुडघाभर माजलं होतं, तुऱ्यांनी नुसतं भरलं होतं. बायकांना फेर धरायला जागा हवी म्हणून सेक्रेटरीने रविवारी दुपारीच ते कापून घेतलं. मी गॅलरीतून बघितलं, मशीन घरघरतंय आणि पिवळट धूळ उडतेय. मला कळायला हवं होतं. कॅलेंडर माझ्याच भिंतीवर होतं. पण मी खिरापतीच्या विचारात होते.

खिरापत म्हणजे भोंडल्यानंतर वाटायचा खाऊ. झाकलेला डबा हलवायचा आणि आत काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं, ही त्यातली खरी गंमत. काकूंनी यंदा फर्मान काढलं होतं की खिरापत मंडळाच्या डब्यातूनच आणायची, म्हणजे कुणाची कुठली ते डब्यावरूनही ओळखता येणार नाही. मंडळाचा डबा म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना वाण म्हणून लुटलेला स्टीलचा गोल डबा, झाकणावर मंडळाचं नाव. सगळ्यांकडे तस्साच. आमच्याकडे दोन, एक माझा आणि एक मुलीचा.

मुलगी नऊवारी नेसली होती. तिने पंप कमरेला खोचायला घेतला.

"अगं, निळा आहे तो, लांबून दिसतो," मी म्हटलं.

"दिसू दे ना!"

"आजच्या दिवस माझं ऐक. मी ठेवते माझ्याकडे."

एका डब्यात मी नारळाच्या वड्या भरल्या. दुसऱ्यात नॅपकिनमध्ये गुंडाळून पंप ठेवला. पर्समध्ये का नाही? कारण पर्स उघडली की बायका डोकावतात. डबा कोण उघडणार, खिरापत ओळखण्याआधी? असलं माझं डोकं. दोन्ही डबे पिशवीत, पिशवी माझ्या खुर्चीखाली. मी पाटावर हत्ती काढायला बसले. तेवढ्यात कुणीतरी मदत म्हणून माझी पिशवी उचलली आणि दोन्ही डबे टेबलावर बाकीच्यांत नेऊन मांडले. वर चादर. मला पत्ताच नाही.

दुसरं गाणं संपत आलं होतं. मुलगी फेरात होती, हसत होती, काकूंची बहीण खुर्चीवरून बघत होती. मग माझ्या लक्षात आलं की पोरीचे खांदे वर जातायत. श्वासागणिक वर. ती फेरातून बाहेर आली, माझ्याकडे बघून तिने हाताने खूण केली, दे. मी खुर्चीकडे धावले. खाली पिशवी नाही. बघते तर टेबलाच्या पायाशी, रिकामी घडी करून ठेवलेली. चादर ओढली. समोर पंचवीसेक डबे, सगळे एकसारखे, एकसारखी झाकणं, एकसारखं नाव.

मी उघडत सुटले. पहिल्यात साबुदाणावडे. दुसऱ्यात चिवडा. तिसरा उघडताना हिसडा बसला आणि गुलाबजामचा पाक माझ्या साडीवर. मागून बायका हसायला लागल्या. एक जण तर टाळी देऊन ओरडली, "अहो, ओळखायची असते खिरापत, उघडायची नसते!" मी काही बोलू शकत होते ना? पंप, माझ्या पोरीचा पंप, एवढे तीन शब्द. तर पंचवीस जणी हातातलं सगळं टाकून डबे उघडायला लागल्या असत्या. माझ्या तोंडातून ते शब्द बाहेर येईनात. मी वेड्यासारखी शंकरपाळे, मुगाची उसळ, केळ्याचं शिकरण बघत होते आणि तिकडे माझी मुलगी झाडाला धरून वाकली होती.

मान वर केली तर ती तिथे नव्हती. काकू तिला दंडाला धरून सोसायटीच्या ऑफिसात घेऊन गेल्या होत्या. मी धावत जाऊन दार ढकललं. मुलगी बाकावर बसलेली, ओठ पांढरे पडलेले, आणि काकूंनी तिच्या तोंडात निळा पंप धरला होता. "श्वास सोड आधी सगळा. आता आत घे, हळू. धर. धरून ठेव. सोड." रोज करणाऱ्याच्या सराईतपणे. बटवा उघडा पडला होता. आमच्या घरात कुणाला पंप नाही म्हणणाऱ्या काकूंच्या बटव्यात, सुपारीच्या शेजारी, पंप!

चार-सहा दाब झाले, पाच-सात मिनिटांनी पोरीच्या गालावर रंग आला. मला रडू फुटलं. काकूंनी पंप पुसला, बटव्यात टाकला, नाडी ओढली आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाहेर कुणाला सांगू नकोस हं. माझं पण."

दार उघडलं तर बायकांचा घोळका. काय झालं, काय झालं? काकू हसून म्हणाल्या, "काही नाही गं, हवा बदललीय ना." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी, पाकाने चिकट झालेली साडी सावरत, म्हटलं, "हो ना. हवाच तशी आहे." मुलीने माझ्याकडे एकदाच बघितलं. नंतर खाली बघत राहिली.

तिथून तशीच तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेली. त्यांनी वाफारा दिला, तपासलं, आणि रोजचा पंप बंद का केला म्हणून मला जे झापलं ते मी मान खाली घालून ऐकलं. घरी आल्यावर मात्र माझी सटकली. काकूंचा उद्धार सुरू केला. ढोंगी कुठली! जगाला आलं-मध सांगते आणि स्वतः कमरेला पंप बांधून फिरते! किती जणींची औषधं बंद केली असतील या बाईने! मुलगी सोफ्यावर पडून ऐकत होती. माझं झाल्यावर शांतपणे म्हणाली, "आई, तू तिच्यावर कशाला चिडतेस? तिने निदान स्वतःचा पंप हाताशी ठेवला होता. माझा तू डब्यात घातलास."

मी स्वयंपाकघरात जाऊन साडीवरचा पाक धूत बसले. तो डाग काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काकू, हातात मंडळाचा डबा. वाटप झाल्यावर हा एकच उरला होता म्हणे, त्यांनी उघडून बघितला आणि कुणाचा ते त्यांना बरोबर कळलं. आत आल्या नाहीत. दारातच, आवाज बारीक करून म्हणाल्या, "बहिणीला मुलगी आवडलीय. दमली असेल म्हणून सांगितलं मी. भाच्याला मी यातलं काही बोलणार नाही. तूही माझं कुठे बोलू नकोस. झाकली मूठ बरी."

काय सांगू, काल त्यांनी माझ्या मुलीचा जीव वाचवला होता. त्यांचे पाय धरायला हवे होते. पण त्या बारीक आवाजाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा आवाज मी ओळखत होते. जिन्याच्या मधल्या पायरीवर पदर सारखा करणारा. आई तशीच गेली, कुणाला न सांगता. मी जोरात म्हटलं, मजल्यावरची सगळी दारं उघडली तरी चालतील इतक्या जोरात, "काकू, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण माझ्या मुलीला दमा आहे. ती पंप घेते. भाच्याला सांगा, बहिणीला सांगा, लिफ्टमनलाही सांगा. आणि तुमच्या सभेत ते आलं-मध पुन्हा सांगितलंत ना, तर मी उठून बोलेन."

काकूंचा चेहरा पडला. त्या जिन्याने खाली गेल्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत मला त्यांचा खोकला ऐकू येत होता.

मी वळले तर मुलगी मागेच उभी. तिने डबा माझ्या हातातून घेतला, टेबलावर ठेवून झाकण काढलं, नॅपकिन बाजूला केला आणि आतल्या पंपाचा फोटो काढला. मंडळाचा ग्रुप माझ्या फोनवर असतो. तिने माझा फोन घेऊन त्यात फोटो टाकला, खाली लिहिलं, "खिरापत ओळखा!" आणि न पाठवता फोन माझ्यापुढे धरला.

"मी नाही पाठवणार," ती म्हणाली. "लपवला तू होतास. तूच पाठव."

मी फोन घेतला. दाबलं.

दहा मिनिटं गेली. मग पहिला फोटो आला, काल टाळी देऊन ओरडलेल्या बाईचा. मंडळाचाच डबा, आत पंप. "आमच्याकडे पण हीच. सासूबाईंची." मग पलीकडच्या विंगमधून एक. मग एक, नुसता डबा आणि पंप, शब्द एकही नाही. एकीने लिहिलं, "माझाच. नवऱ्यालाही माहीत नव्हतं." तासाभरात सहा डबे झाले. काकूंचा नव्हता.

मुलगी ते बघून हसली, पंप पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात खोचून कामाला निघाली. मी मात्र फोन हातात घेऊन बसून राहिले आणि एकेक डबा पुन्हा पुन्हा मोजला. काल बागेत माझी पोर झाडाला धरून वाकली होती, तेव्हा हे सहाही पंप वर कपाटांत आणि पर्सच्या तळाशी होते. त्या सहाही जणी तिथेच उभ्या होत्या. दोन मिनिटांत कुणीही वरून आणून दिला असता. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, आणि शेवटी सगळ्या मिळून आम्ही म्हटलं, हवा बदललीय.